नवजात बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तर इजा नेमकी केव्हा होते?

मुळामुठा
बाळ जन्मल्यावर लगेच रडले नाही, म्हणून मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि म्हणून पुढे मूल अपंग झाले, ही कारणमीमांसा आपल्याकडे इतक्या सहजपणे सांगितली जाते की तिच्याबद्दल कुणी शंकाच घेत नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला जन्मानंतर पुण्यातील एका रुग्णालयात तीन दिवस गार गादीवर ठेवले होते. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे होते की, जे व्हायचे ते त्या पाच-दहा मिनिटांत होऊन गेले, आता ओल्या बाळंतिणीपासून पोर तोडून तिला गारठवण्यात काय हशील? डॉक्टर मात्र सांगत होते की इजा अजून पूर्ण झालेली नाही, म्हणूनच हे करायचे. बाळ आता घरी आहे आणि मला औषधोपचाराचा सल्ला नको आहे. इजा केव्हा होते, गार केल्याने तीत काय फरक पडतो आणि पुढचे चित्र केव्हा स्पष्ट होते, एवढे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

नवजातवैद्य
मी पुण्यात नवजात शिशू विभागात काम करतो. प्रश्न उत्तम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की केवळ ऑक्सिजन कमी असणे बाळाला नवीन नसते. गर्भातील बाळ आपल्यापेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजनवर वाढते आणि त्याचे हिमोग्लोबिनही त्यासाठीच वेगळे असते. वार (प्लॅसेंटा) अचानक सुटली, नाळ दाबली गेली, गर्भाशय फाटले किंवा कळांमध्ये उसंतच राहिली नाही, तर बाळाचे शरीर आधी बचाव करते. मूत्रपिंडे, आतडी आणि त्वचा यांचा रक्तपुरवठा आखडून रक्त मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथींकडे वळवले जाते. अशा बाळांची लघवी पहिल्या दिवशी कमी का होते, याचे हे एक कारण आहे. हा बचाव काही काळच पुरतो. त्यानंतर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब पडतो आणि मेंदूला ऑक्सिजनबरोबर साखरही मिळेनाशी होते. खरी इजा इथून सुरू होते, आणि म्हणूनच आजाराच्या नावात, म्हणजे हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथीत, ऑक्सिजनची कमतरता आणि रक्तप्रवाहाची कमतरता या दोन्हींचा उल्लेख आहे. आम्ही तिला थोडक्यात एचआयई म्हणतो.

आता पेशीच्या आत काय होते ते पाहू. ऊर्जा, म्हणजे एटीपी, संपते आणि सोडियम बाहेर टाकणारे पंप थांबतात. सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरते आणि पेशी सुजते. चेतापेशींच्या टोकांशी ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारे रसायन साचते, त्यामुळे एनएमडीए या ग्राहकांची दारे उघडी राहतात आणि कॅल्शियमचा लोंढा आत येतो. नवजात मेंदूत हे ग्राहक प्रौढांपेक्षा अधिक संवेदनशील असतात, कारण नव्या जोडण्या तयार करण्याचे काम त्यांच्याच बळावर चाललेले असते. ज्या गुणामुळे हा मेंदू इतक्या झपाट्याने शिकतो, तोच गुण या प्रसंगी त्याच्या मुळावर येतो. काही पेशी त्याच वेळी मरतात. तेवढ्यापुरते तुमच्या ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र बाळाला श्वास मिळाला आणि ठोके पूर्ववत झाले की बहुतेक पेशींतील ऊर्जा पुन्हा भरून येते आणि काही तास सारे ठीक असल्याचा भास होतो. नंतर, साधारण सहा तासांनंतर आणि पुढचे दोन-तीन दिवस, ऊर्जा दुसऱ्यांदा ढासळते. या वेळी रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, पण पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) तो वापरू शकत नाहीत. मुक्तमूलके (फ्री रॅडिकल्स), म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, आणि दाह वाढतात आणि अनेक पेशी ठरवून दिल्यासारख्या क्रमाक्रमाने स्वतःला संपवतात. बाळाला झटके बहुधा याच काळात येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या गटाने १९८०च्या दशकात फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआयसारख्या चुंबकीय तंत्राने, बाळांच्या मेंदूतील ऊर्जासंयुगे मोजली. पहिल्या दिवशी जवळजवळ सामान्य दिसणारी मोजमापे पुढच्या काही दिवसांत कोसळताना त्यांना दिसली. उपचाराची सारी आशा या मधल्या काही तासांवर उभी आहे.

गणिती
म्हणजे वीज गेल्याने फ्रिज बिघडत नाही, ती परत येताना बिघडतो. कोथरूडमध्ये राहणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

नवजातवैद्य
@गणिती, उपमा अर्धी लागू आहे. रक्त परत आल्यावर मुक्तमूलके वाढतात हे खरे, पण म्हणून वीज उशिरा आणावी असा अर्थ कृपया कुणी काढू नये. श्वास देण्यास होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर पहिली इजा वाढवतो आणि तिच्यावर दुसरी अवलंबून असते.

हडपसरची_सिस्टर
प्रसूतिकक्षात आयुष्य गेलेली परिचारिका या नात्याने पहिल्या मिनिटाबद्दल लिहिते, कारण चर्चा गार गादीकडे वळली की तो मिनिट विसरला जातो.

पूर्वी बाळ रडले नाही की पाय धरून उलटे करणे, पाठीवर चापट्या मारणे, तोंडावर गार पाणी शिंपडणे असे प्रकार चालत. त्यात वेळ जातो आणि बाळ थंड पडते, याखेरीज काही साधत नाही. आता आम्ही बाळाला पुसतो, कोरड्या दुपट्ट्यात घेतो, पाठ हलकेच चोळतो, आणि एवढ्याने श्वास सुरू झाला नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून मास्कमधून श्वास देण्याची पिशवी, हातात घेतो. मास्क हनुवटीच्या टोकापासून नाकाच्या मुळापर्यंत बसला पाहिजे आणि डोळ्यांवर येता कामा नये. मान जरा जास्त मागे गेली किंवा पुढे वाकली तरी हवा आत जात नाही. नवशिक्यांची नजर बॅगेवर असते. मी त्यांना छातीकडे पाहायला सांगते, कारण प्रत्येक दाबाला छाती किंचित वर उचलली गेली नाही, तर आपण खोलीलाच वारा घालत आहोत. हवा नीट जाऊ लागली की सर्वांत आधी ठोके वाढतात. रंग नंतर सुधारतो, आणि रडणे तर त्याहूनही नंतर येते. बाहेर उभे असलेले नातेवाईक मात्र केवळ रडण्याची वाट पाहत असतात.

बहुतेक बाळांना एवढ्यावरच श्वास येतो. औषधे आणि छाती दाबणे फार थोड्यांना लागते.

भोरचा_वारा
सिस्टरांच्या मुद्द्याला जोड म्हणून गडचिरोलीचा दाखला द्यावासा वाटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील खेड्यांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातील प्रशिक्षित महिला घरी होणाऱ्या बाळंतपणाला हजर राहत आणि न रडलेल्या बाळाला आधी नळी-मास्कने व पुढे बॅग-मास्कने श्वास देत. गार गादी, एमआरआय वगैरे पुढचे सारे शहरात असते. हा पहिला श्वास मात्र गावातही देता येतो, आणि भोरच्या पलीकडच्या वाड्यांना त्याचीच गरज जास्त आहे.

लिंबूसरबत
एक भाबडी शंका आहे. ऑक्सिजन कमी पडला असेल, तर भरपूर ऑक्सिजन द्यावा की! सिस्टर बॅगेने नुसती हवा का देतात?

हडपसरची_सिस्टर
आम्हीही कित्येक वर्षे शंभर टक्के ऑक्सिजनच देत होतो. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टॅड यांच्या अभ्यासांनी ती पद्धत बदलली. पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेने, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजनने, श्वास दिला तर निकाल वाईट तर येत नाहीतच, उलट मृत्यू कमी होतात, हे अशा अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले. आता सुरुवात हवेने करून बोटाच्या, खरे तर उजव्या तळहाताच्या, ऑक्सिमीटरवर पाहून गरजेप्रमाणे ऑक्सिजन वाढवतात. वर डॉक्टरांनी मुक्तमूलकांबद्दल लिहिले आहे, त्याचा धागा इथे जुळतो.

रानजाई
मी मंचरजवळ राहते. माझ्या मुलाचा जन्म तालुक्याच्या ठिकाणी झाला. पोटातील बाळाचे ठोके मंदावू लागल्यावर सिझेरियनचा निर्णय झाला, पण भूलतज्ज्ञ पोहोचेपर्यंत वेळ गेला. जन्मल्यावर त्याला बॅगेने श्वास दिला गेला, पण तो पापण्या उघडत नव्हता आणि हात उचलून सोडला की चिंधीसारखा पडत होता. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला फोन केला आणि पलीकडून पहिला प्रश्न आला तो जन्माच्या वेळेचा. सहा तासांच्या आत पोहोचायला हवे, हे वाक्य मी शुद्धीवर येताना ऐकले.

मुलाचे वडील आणि माझी नणंद रुग्णवाहिकेतून गेले. चाकणच्या कोंडीत गाडी थांबली, तेव्हा नणंदेने बाळावर शाल घालायला घेतली आणि सोबतच्या परिचारकाने ती बाजूला करायला लावली. वॉर्मर बंद ठेवला होता आणि तो दर थोड्या वेळाने तापमान पाहत होता, कारण बाळ फार गारही पडून चालणार नव्हते. नणंदेला तो माणूस निर्दय वाटला आणि आजही ती ते बोलून दाखवते. मुलगा वेळेत पोहोचला आणि त्याचे कूलिंग झाले. आज तो शाळेत जातो, चालताना डावी टाच किंचित उचलतो आणि बडबड इतकी करतो की बाई वहीत तक्रारी लिहून पाठवतात.

पर्वतीपायथा
रानजाईताई, तुमचा मुलगा सुधारला याचा आनंद आहे. तरीही एक अप्रिय मुद्दा मांडतो. हेलिक्स नावाची चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत झाली आणि तिचा निष्कर्ष कूलिंगच्या विरोधात गेला, असे मी वाचले आहे. मग परदेशातील पुराव्यावर आपल्या बाळांना गारठवण्याचा हट्ट कशासाठी? येथील डॉक्टरांनी याचे उत्तर द्यावे.

नवजातवैद्य
उत्तर द्यायलाच हवे, आणि ते एका ओळीत देता येणार नाही.

श्रीमंत देशांतील पुरावा भक्कम आहे. २००५ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि २००९ मध्ये ब्रिटनची टोबी चाचणी आली. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अहवालात, ११ चाचण्यांतील १५०५ बाळांची माहिती एकत्र केली, तेव्हा मृत्यू किंवा मोठे अपंगत्व यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेले दिसले. सात बाळांचे कूलिंग केले, तर एक जादा बाळ या दोन्हींतून वाचते.

हेलिक्सचा अहवाल २०२१ मध्ये आला. तीत ४०८ बाळे होती आणि सातही केंद्रे मोठी, सुसज्ज होती. मृत्यू किंवा अपंगत्व या एकत्रित निकालात फरक पडला नाही, आणि मृत्यूचे प्रमाण तर कूलिंग केलेल्या गटात ४२ टक्के व न केलेल्या गटात ३१ टक्के आले. हा आकडा झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. यावर दोन प्रकारे विचार होतो. एक मत असे आहे की आपल्याकडील अनेक बाळांची इजा प्रसूतीच्या शेवटच्या तासात झालेली नसते. ती कळांच्या दीर्घ काळात, कदाचित त्याआधीही, हळूहळू होत आलेली असते आणि जन्मवेळेपासून मोजलेले सहा तास तिला लागूच पडत नाहीत. त्या चाचणीतील बाळांना झटके फार लवकर आले होते, ही बाब या मताशी जुळते. दुसरे मत असे आहे की बाहेरून, उशिरा आणि अस्थिर अवस्थेत आणलेली बाळे बरीच होती, त्यामुळे तो निष्कर्ष प्रत्येक विभागाला जसाच्या तसा लावता येणार नाही.

माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण अटींसह. बाळ निवडून घ्यावे, रक्तदाब आणि श्वास सांभाळण्याची पूर्ण सोय असावी आणि मेंदूचे आलेख पाहणारा माणूस रात्रीही हजर असावा. या सोयी नसतील, तर घाईने बर्फाच्या पिशव्या लावू नयेत.

जुन्नरचा_बालवैद्य
@नवजातवैद्य, मी पहिल्या मताचा आहे. तालुक्याच्या पातळीवर मी जे पाहतो, त्यात कळा वाढवण्यासाठी मोजमाप न ठेवता दिलेली ऑक्सिटोसिनची इंजेक्शने हा मोठा भाग आहे. दोन कळांच्या मधल्या वेळात वारेतून रक्त फिरते आणि बाळाला उसंत मिळते. कळांवर कळा आल्या की ती उसंत जाते, आणि हे दोन-तीन तास चालले तर बाळ जन्मते तेव्हा इजेची पहिली लाटच नव्हे, तुम्ही सांगितलेली काही तासांनंतरची दुसरीही येऊन गेलेली असू शकते. तेथे गार गादी काय करणार? माझ्या दृष्टीने पैसा आधी पार्टोग्राफ (प्रसूतीची प्रगती नोंदवण्याचा तक्ता) भरणाऱ्या, ठोके ऐकणाऱ्या हातांवर खर्च व्हावा.

एका गोष्टीवर मात्र आपले दुमत नसावे. कूलिंग करा किंवा करू नका, या बाळांना ताप येऊ देऊ नका. तापमान जितके वर जाते, तितके निकाल वाईट येतात.

नवजातवैद्य
@जुन्नरचा_बालवैद्य, तापाबद्दल पूर्ण सहमत आहे. पार्टोग्राफबद्दलही सहमत आहे. गादी विरुद्ध पार्टोग्राफ अशी निवड करावी लागू नये, एवढीच माझी पुरवणी.

काळाकोट
मी ग्राहक आयोगात काम करणारा वकील आहे. सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेले, मूल घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पालकाला खात्री असते की हे प्रसूतीत झाले. १८६१ मध्ये लंडनच्या विल्यम लिटल यांनी हा संबंध जोडला आणि तो लोकांच्या मनात पक्का बसला. १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी, होय, मनोविश्लेषणाच्या त्याच फ्रॉइड यांनी, शंका काढली होती की अवघड प्रसूती हे कधी कधी कारण नसून आधीच बिघडलेल्या गर्भाचे लक्षण असावे. १९८६ मध्ये नेल्सन आणि एलेनबर्ग यांनी अमेरिकेतील मोठ्या पाहणीतून दाखवले की सेरेब्रल पाल्सीच्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत जन्मवेळी गुदमरणे हे कारण ठरत नाही.

याचा अर्थ निष्काळजीपणा घडतच नाही, असा मुळीच नाही. मी स्वतः असा खटला लढवला आहे, ज्यात बाळाचे ठोके मंदावल्याची नोंद आणि शस्त्रक्रिया यांच्यामधला काळ कुणालाही समजावून सांगता आला नाही. मी केवळ अपगार गुणांवर, म्हणजे जन्मताच बाळाचे ठोके, श्वास, रंग वगैरे पाहून दिलेल्या गुणांवर, दावा उभा करत नाही. भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ते गुण बाळाला तत्काळ मदत हवी आहे का, हे पाहण्यासाठी मांडले होते. नाळेच्या रक्ताचा पीएच ७ पेक्षा कमी (म्हणजे रक्त फार आम्लधर्मी) होता का, बाळाची शुद्ध हरपली होती का, इतर अवयवांना झळ पोहोचली होती का आणि एमआरआय काय सांगतो, हे चारही पाहावे लागते. खेदाची गोष्ट म्हणजे नाळेचे रक्त तपासलेलेच नसते. ती एक तपासणी झाली, तर निर्दोष डॉक्टरही सुटेल आणि पालकांनाही उत्तर मिळेल.

मेथीची_जुडी
माझ्या सासूबाई विचारतात की सुवर्णप्राशन केले तर मेंदू भरून येतो का? मध आणि तूपही त्यात असते.

हडपसरची_सिस्टर
मेलेल्या चेतापेशी त्याने परत येत नाहीत. आणि वर्षाच्या आतील बाळाला मध कोणत्याही निमित्ताने देऊ नये, त्यातून बोटुलिझम या जिवाणूजन्य विषबाधेचा धोका असतो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि चाटणाची वाटी कपाटात ठेवायला सांगा.

हलतेबोट
मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. इजा मेंदूत कुठे होते, हे इजा कशी झाली यावर ठरते. वार सुटणे किंवा गर्भाशय फाटणे यांसारख्या अचानक आणि संपूर्ण आघातात खोलवरचे भाग, म्हणजे थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया, दुखावतात, कारण त्या वेळी सर्वांत जास्त ऊर्जा तेच वापरत असतात. अशी मुले पुढे अनेकदा अवयवांच्या अनैच्छिक हालचालींशी झगडतात आणि त्यांची समज कित्येकदा लोकांच्या कल्पनेपेक्षा खूप चांगली असते. बोलता न येणाऱ्या मुलाला मंद समजणे हा अन्याय मी रोज पाहते. आघात अर्धवट पण लांबलेला असेल, तर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवरचा भाग सुकतो, आणि त्याचा परिणाम आकलन, दृष्टी व खांद्या-मांड्यांच्या ताकदीवर दिसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे गणित निराळे आहे. त्याच्यात मेंदूच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दुखावतो आणि पाय अधिक आखडतात.

पाठपुरावा किती लांबपर्यंत करावा, याचा धडा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या गटाने कमी वजनाच्या बाळांचा जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. तो अभ्यास एचआयईचा नव्हता, परंतु वरवर ठीक दिसणाऱ्या मुलांच्या अडचणी शाळेत गेल्यावर कळतात, हे त्यासारख्या अभ्यासांनी शिकवले.

मुळामुठा
सर्वांचे आभार. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दोन बाकी आहेत. गार केल्याने दुसरी लाट थांबते कशी, आणि एमआरआय स्वच्छ आला म्हणजे आम्ही निर्धास्त व्हावे का?

नवजातवैद्य
पहिल्या प्रश्नाबद्दल सांगायचे, तर लाट थांबत नाही, ती लहान होते. शरीराचे तापमान ३३.५ अंश सेल्सिअसला आणले की मेंदूची ऊर्जेची गरज घटते, ग्लुटामेट व मुक्तमूलके कमी तयार होतात आणि पेशींची आत्मनाशाची साखळी मंदावते. ही लाट दोन-तीन दिवस टिकते, म्हणून ७२ तास थांबायचे आणि नंतर ताशी अर्ध्या अंशाने, घाई न करता, तापमान वाढवायचे. त्या काळात बाळाला वेदनाशामक देतात आणि गुदद्वारातील तारेवरून तापमान सतत पाहतात. आईने हात लावला तर बाळ गार लागते आणि तिला भरून येते, हे आम्ही रोज पाहतो. गादीवर असतानाही आईने बोट धरायला आमची हरकत नसते.

एमआरआय पहिल्या आठवड्यात, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून, उपयोगी पडतो. फार लवकर केला, तर इजा पूर्णपणे उमटलेली नसते. तो स्वच्छ येणे ही चांगलीच बातमी आहे, विशेषतः चालण्या-फिरण्याबाबत. शाळेतील लक्ष, स्मरण आणि भाषा यांची हमी मात्र तो देत नाही.

हलतेबोट
@मुळामुठा, तीन महिन्यांच्या सुमारास बाळाच्या स्वाभाविक हालचालींचा व्हिडिओ जाणकाराला दाखवा. अंगभर चाललेली ती बारीक चुळबुळ दिसली, तर मोठा दिलासा असतो. चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहिल्या, किंवा वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागले, तर 'डावखुरी असेल' म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, लगेच दाखवा.

मुळामुठा
मुलगी परवा तीन महिन्यांची होईल. बहिणीला आजच व्हिडिओ काढायला सांगते. अंगावर कपडे कमी आणि खेळणे समोर नको, एवढेच ना?

हलतेबोट
हो. डायपर आणि पातळ झबले पुरे. बाळ जागे, पोट भरलेले आणि न रडणारे असावे, तोंडात चोखणी नसावी, आणि कॅमेरा पायांच्या बाजूने वरून धरावा. तीन ते पाच मिनिटे पुरतात.